सिस्टर आणि बाई एकच होत्या? (जालना, परतूर, सेलू पट्ट्यातल्यांनी जरूर बघा)

मोसंबीवाली:
नमस्कार मंडळी, लय दिवसांनी धागा काढतेय. आमच्या शाळेतल्या बाई मागच्या महिन्यात गेल्या. वय ऐंशीच्या वर होतं, शेवटची काही वर्षं वसईला भाच्याकडं होत्या. नाव मुद्दाम टाकत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही, पण ज्यांना ओळख पटायची त्यांना खाली वाचून पटेलच.

तर झालं असं की बातमी कळली तेव्हा मी आईला फोन लावला, म्हटलं आमच्या इंग्रजीच्या बाई गेल्या गं, त्या डावखुऱ्या, वसईच्या. आई म्हणे डावखुऱ्या आणि वसईच्या तर आमच्या सिस्टर होत्या. मी म्हटलं अगं सिस्टर नाही, साधी सुती साडी, आंबाडा, कपाळाला काही नाही, आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. मग पाऊण तास नुसती जुळवाजुळव. खडूचे दोन तुकडे करून एक पदराला बांधून ठेवायच्या का? हो. (आईच्या वेळी पदर नव्हता, झग्याच्या खिशात ठेवायच्या.) रागावल्या की आपली मराठी सोडून घरच्या बोलीत बोलायच्या का? हो!! ती वसईची सामवेदी बोली, आम्हाला शब्द कळायचा नाही म्हणून पोरं अजूनच घाबरायची. हजेरी घेताना तोंडाकडं बघितल्याशिवाय पुढचं नाव घ्यायच्या नाहीत? हो. आई जालन्याकडं कॉन्व्हेंटच्या शाळेत ७१ ते ७५, मी परतूरकडं ९१ ते ९४, आणि दोघींना शिकवणाऱ्या बाई एकच! नाव वेगळं असल्यामुळं कधी डोक्यातच आलं नाही. पालकसभेला कायम वडील जायचे, आई एकदा जरी आली असती तर तेव्हाच कळलं असतं.

कुणाकडं अजून काही आठवणी असतील तर लिहा. फोटो असेल तर फारच बरं.

दुधनाकाठ:
ताई, बरोबर ओळखलं तुम्ही. मी ८९ च्या बॅचचा. बातमी आमच्या ग्रुपवर आली होती पण तिथं दोन दिवस नुसते जोडलेले हात आणि भावपूर्ण श्रद्धांजली, कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून इथं लिहितो.

भूगोलाचा पहिला तास. पुस्तक उघडूच दिलं नाही. म्हणाल्या, सकाळी आंघोळ केली त्यांनी हात वर करा. मग पुढच्या बाकावरच्या पोराला विचारलं, तुझ्या मोरीतलं पाणी कुठं गेलं? तो म्हणे नालीत. नाली कुठं जाते? गावाबाहेर. गावाबाहेर कुठं? इथं सगळे गप. म्हणाल्या, बघून या. त्या संध्याकाळी आम्ही दहाबारा पोरं नाक दाबून नालीच्या कडेकडेनं वेशीपर्यंत, तिथून ओढ्यानं खाली दुधनेपर्यंत गेलो, लोक विचारू लागले काय हरवलं रे तुमचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी डाव्या हातानं फळ्यावर एका दमात गोदावरी ओढली, त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, गंगाखेड, नांदेड, पार राजमहेंद्रीपर्यंत. मग तिला फांद्या. सिंदफणा खालून येऊन मिळाली, दुधना आधी पूर्णेला आणि पूर्णा मग गोदावरीला. शेवटी दुधनेच्या काठाला एक टिंब काढून म्हणाल्या ही तुमची मोरी. आंघोळीचं पाणी बंगालच्या उपसागरात! मग आम्हीच विचारलं की अरबी समुद्र एवढा जवळ असताना पाणी तिकडं कामून जात नाही, आणि सह्याद्री, पठाराचा उतार हे सगळं त्यांनी त्या एका प्रश्नाच्या पोटात शिकवलं. मी पुढं पाणलोटाच्या कामात पडलो, उतार काढायला आता मशीन आहेत, पण गावात गेलो की पहिल्यांदा नाली कुठं जाते तेच बघतो.

खोडरबर:
तुम्ही तर त्यांची देवीच करून टाकली. मी ९७ ला होतो. पाचवीला इंग्रजी नवीनच सुरू व्हायचं तेव्हा, एबीसीडीपासून. चार रेघी वही पाहिजे म्हणाल्या, बापानं दोन रेघी आणली कारण आमच्या तांड्याजवळच्या दुकानात तीच होती, तर बाईंनी मला अख्खा तास बाकावर उभं केलं. अक्षर वाकडं आलं की फूटपट्टी आडवी नाही, उभी मारायच्या, बोटांच्या पेरांवर. आणि पुढच्या बाकावर कायम मास्तरांची आणि डॉक्टरांची पोरं. आमच्याकडं लय लक्ष होतं असं मला तरी वाटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणतात पण धागा आठवणींचा आहे ना, ही पण आठवणच आहे.

मोसंबीवाली:
लिहा की, का नाही. फूटपट्टी मीही खाल्ली आहे. तेव्हा सगळेच मारायचे, शाळेतल्या मारावर कायद्यानं बंदी २००९ च्या आरटीईनं आली, पण म्हणून तुमची बोटं दुखली नाहीत असं थोडंच आहे.

निळी_वही:
मला बाई माहीत नाहीत, सिस्टर माहीत आहेत. खोडरबर दादा, तुमचं तुमच्या जागी. माझं सांगतो.

१९७८ चा जुलै, विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात काय झालं ते इथं सांगायची गरज नाही. आमच्या वस्तीतली लेकरं घराबाहेर पडेनात, शाळा तर लांबच. मी सहावीत. चौथ्या की पाचव्या दिवशी सिस्टर एकट्या सायकलवर वस्तीत आल्या, समाजमंदिराच्या ओट्यावर बसल्या आणि हजेरीपट काढला. खरा हजेरीपट, शाळेतला! नावं घेतली, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून हजर मांडलं आणि अपूर्णांक शिकवायला घेतले. कुठलं भाषण नाही, धीर देणं नाही. शाळेत परत गेल्यावर कळलं की त्या दिवसांची आमची एकही गैरहजेरी लागलेली नाही. कॉन्व्हेंटात यावरून त्यांना बोलणी बसली असं नंतर कानावर आलं, खरंखोटं देवाला माहीत.

नाव मिळायला १९९४ ची १४ जानेवारी उजाडली. त्या दिवशी मला सिस्टरची आठवण झाली होती, चौकशीही केली, पण कॉन्व्हेंटात म्हणाले या नावाच्या कुणी आता इथं नाहीत.

पाटीपेन्सिल:
आमच्या गल्लीत तर असं बोलायचे की लग्न करायचं होतं म्हणून पळून आल्या कॉन्व्हेंटातून. धर्मबी सोडला म्हणायचे. खरं काय आहे?

वाड्यातला:
आता मला लिहावंच लागंल, कारण बाई आमच्याच वाड्यात भाड्यानं राहायच्या, ८४ पासून रिटायर होईपर्यंत. इंदिरा गांधी गेल्या त्याच वर्षी उन्हाळ्यात आल्या. एक पत्र्याची पेटी आणि वळकटी, बाकी काही नाही. लग्नबिग्न काही नाही, दिवाळी-नाताळाला भाऊ यायचा तेवढाच, तोही मीटरगेजच्या गाडीनं रात्रभर ताटकळत.

डोक्याचे केस आखूड होते, वर्षभर पदर डोक्यावरच असायचा, गल्लीतल्या बाया विचारायच्या तिरुपतीला जाऊन आलात का. बाई हो पण म्हणायच्या नाहीत आणि नाही पण म्हणायच्या नाहीत. आजीला मात्र एका गोष्टीचं लय नवल वाटायचं, की एवढी शिकलेली बाई, चाळिशी उलटलेली, आणि हिला बाजार करता येत नाही. पैसे कधी हातात आलेलेच नाहीत ना. पगार कॉन्व्हेंटकडं, साबणापासून चपलांपर्यंत सगळं तिथून मिळणार. पहिल्या आठवडी बाजारात माळणीनं वांग्याचा जो भाव सांगितला तो बाईंनी देऊन टाकला, तर माळीणच म्हणाली अहो बाई जरा कमी करून मागा की, मलाच कसंतरी व्हायलंय. चपलांच्या दुकानात तर अर्धा तास एक घाल एक काढ, आणि शेवटी आजीला विचारलं, यातली कुठली घेऊ? आजी म्हणाली तुला कुठली आवडली? तर बाई गप्पच, आजी सांगायची की ते तिला सुचंचना. शेवटी तांबड्या पट्ट्याची घेतली.

हिशोबाला मात्र पक्क्या. एक लांबोडकी वही, त्यात साधी काडीपेटीसुद्धा मांडलेली, ती कॉन्व्हेंटातली सवय. शाळेच्या संस्थेत पहिली काही वर्षं विनाअनुदानित तुकडीवर होत्या, तेव्हा सही एका आकड्यावर आणि हातात आकडा दुसराच, हे तर आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत आहे. बाई वहीत दोन्ही आकडे मांडायच्या, शेजारी शेजारी. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, बाईंना ते उस्तानीबाई म्हणायचे, संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांना जुनी उर्दू कागदपत्रं वाचायला शिकवायचे आणि बदल्यात इंग्रजी पेपर वाचून घ्यायचे. दोघांचं भांडणही व्हायचं, बहुतेक करून रझाकारांवरून.

घोगरगावकर:
पाटीपेन्सिल, मी स्वतः कॅथलिक आहे, वैजापूर तालुक्यातला. आमच्याकडं मिशन शंभर वर्षांच्या वरचं आहे, फ्रान्सहून आलेल्या फादरांच्या काळातलं, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आमची अख्खी गावं जातात, त्यामुळं हे थोडं सांगू शकतो. मठ सोडणं म्हणजे धर्म सोडणं नाही. सिस्टर होताना एकदम आयुष्यभराचं वचन नसतं. आधी प्रशिक्षण, मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षं, आणि नंतर कायमची. व्रतं तीन, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. कायमची व्रतं घेतल्यावर सोडायचं तर कारण देऊन अर्ज करावा लागतो, त्याला परवानगी रोमहून येते, किंवा संस्था एखाद्या धर्मप्रांतापुरती असेल तर बिशपकडून. परवानगी मिळाली की ती बाई साधी कॅथलिक. चर्चला जाता येतं, कम्युनियन (तिथला पवित्र प्रसाद) घेता येतं, लग्नसुद्धा रीतसर करता येतं. म्हणजे "पळून आल्या" वगैरे काही नसतं, कागद लागतो.

आणि नावाचं. पूर्वी व्रत घेताना नवीन नाव मिळायचं, घरचं नाव मागं पडायचं. १९६२ ते ६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर नावाचे आणि पोशाखाचे नियम सैल झाले, पण ज्यांनी आधी नाव घेतलं होतं त्यातल्या बऱ्याच जणींनी तेच चालू ठेवलं. सोडल्यावर त्या बाप्तिस्म्याच्या नावावर परत आल्या असणार. ताईंच्या आईला एक नाव माहीत आणि ताईंना दुसरं, ते असं.

पैशाचं वाड्यातल्या दादांनी लिहिलं ते वाचून वाईट वाटलं पण नवल नाही वाटलं. चर्चचा जो १९८३ चा कायदा आहे त्यात कलम ७०२ हेच सांगतं, की सोडून जाणाऱ्याला संस्थेत केलेल्या कामाबद्दल काही मागता येणार नाही. त्याच कलमात पुढं असंही आहे की संस्थेनं न्यायानं आणि ख्रिस्ती प्रेमानं वागावं. आता प्रेम किती ते ज्या त्या मदरच्या मनावर. मी कॅथलिक असूनही म्हणतो, बारा-तेरा वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईला एक पेटी देऊन दाराबाहेर काढणं मला पटत नाही.

दुधनाकाठ:
यावरून आठवलं, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता ना, अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरांच्या पगारातून टीडीएस कापायचा म्हणून. त्यांचं म्हणणं होतं की आमचा पगार आमचा नसतोच, तो संस्थेला जातो. कोर्ट म्हणालं पगार ज्याच्या नावावर निघतो त्याचं ते उत्पन्न, मग पुढं त्यानं कुणाला का देईना. म्हणजे कर भरताना पगार तिचा आणि सोडून जाताना तिचा नाही, असं झालं की हे.

घोगरगावकर:
दोन्ही कायदे वेगळे आहेत दादा, एक देशाचा एक चर्चचा. पण मुद्दा बरोबर आहे तुमचा.

औसेकर:
मी लातूरकडचा, चुकून या धाग्यावर आलो आणि आता अंगावर काटा येऊ लालाय. डावखुऱ्या, वसईच्या, तांबड्या पट्ट्याची चप्पल?? ह्या बाई आमच्याकडं आल्या होत्या की!

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. आमचं गाव किल्लारीच्या पलीकडं. मी दुसरीत. घरातलं मी लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडात एक बाई आल्या, परतूरकडच्या शाळेत असते म्हणाल्या. खाऊ वाटणारे, गाणी म्हणायला लावणारे आधी लय येऊन गेले होते, आम्ही कुणाशी बोलतच नव्हतो. ह्या बाईंनी एक मोठा पांढरा कागद खाली अंथरला, मधोमध एक चौकोन काढला आणि म्हणाल्या हा तुमचा मारुती, मला पारावर जायचंय, कुठून जाऊ? एक पोरगं म्हणालं इकडून. मग दुसरं म्हणालं तिकडून नाही जमत, तिथं कुंभाराचं घर आडवं येतंय. असं करत करत अख्खं गाव काढलं आम्ही, विहीर, चावडी, कुणाच्या दारात लिंबाचं झाड, कुणाचा गोठा. संध्याकाळपर्यंत म्हातारी माणसं पण गोळा झाली, ह्या भिंतीवरून त्या भिंतीवरून वाद घालू लागली. पडल्यानंतर गाव पहिल्यांदा एवढं बोलत होतं. तो कागद नंतर कुठं गेला काय माहीत, पण नवीन जागेवर गाव बसवताना कुणाशेजारी कोण यावं ह्यावर आमच्या आबांनी त्याच कागदाचा दाखला दिला होता, ऐकलं कुणी नाही ती गोष्ट वेगळी.

मोसंबीवाली:
मी त्यांच्या वर्गात होते त्या वर्षी! दिवाळीनंतर शाळा उघडली तर बाई आलेल्या नव्हत्या, आठवडाभर ऑफ तासच होते, आम्ही खूश. आल्यावर कुठं गेला होता विचारलं तर म्हणाल्या औसा तालुक्यात, नकाशात दाखव कुठं आहे. बस एवढंच.

आई शेजारी बसलीय, ती सांगतेय ते टाइप करते. ७२ च्या दुष्काळात आई सातआठ वर्षांची. शाळेच्या आवारात सुकडी आणि दुधाच्या पावडरीचं दूध वाटायचे. पहिल्या दिवशी काही पालकांनी रांगा वेगळ्या लावा म्हणून आवाज केला. सिस्टर तेव्हा नवीन होत्या, गावात पहिलंच वर्ष-दीड वर्ष. त्यांनी डावाचा दांडा पातेल्यावर आपटला आणि म्हणाल्या रांग एकच, नको त्यांनी घरी जावं. काही जण गेले पण. दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत, भूक होतीच तेवढी, मिलोच्या लाल भाकरी गिळवत नव्हत्या. आई म्हणतेय खोडरबरना सांग, आम्हालाही मारायच्या, आणि चुकीचं होतं ते.

खोडरबर:
काकूंना नमस्कार सांगा. मी काय राग धरून बसलेलो नाही. पण मग प्रश्न तसाच राहतो, सोडलं कामून?

वाड्यातला:
आजीनं एकदा सरळ विचारलं होतं, मी तिथंच शेंगा फोडत बसलो होतो. कॉन्व्हेंटातून त्यांची बदली झाली होती, वर्ग काढून घेतले आणि दुसऱ्या गावच्या वसतिगृहाच्या कोठीघरावर टाकलं, धान्य मोजून द्यायचं काम. कुणी काय करायचं ते वरून ठरतं, वर घोगरगावकरांनी लिहिलेलं आज्ञापालनाचं व्रत ते हेच. बाईंनी दोन वर्षं धान्य मोजलं. विनंती केली, नाही म्हणाले, परत केली, परत नाही. मग अर्ज केला. ऐकून आजी म्हणाली, एवढंच? बाई म्हणाल्या, एवढंच. बाकी कुणाबद्दल वाईट शब्द नाही, रविवारी जालन्याला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं कधी चुकवलं नाही, तिथं त्यांच्या जुन्या सिस्टरा पुढं बसायच्या आणि ह्या मागच्या बाकावर. नाताळात तळलेल्या फुग्या करायच्या, ताडी मिळायची नाही म्हणून बेकरीतून खमीर आणून, आणि आजी त्यांना सुशीला (आपला भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा) करून द्यायची. फुग्या आमच्याकडं कधी नीट फुगल्या नाहीत पण खायचो.

पाटीपेन्सिल:
गल्लीत काहीही बोलायचे मग. कोठीघर डोक्यातही आलं नव्हतं.

निळी_वही:
फोटो सापडला एक, ७९ च्या स्नेहसंमेलनाचा. सिस्टर कडेला उभ्या आहेत आणि नेमकं तोंड दुसरीकडं. स्कॅन करून टाकतो, पण फार काही दिसणार नाही सांगून ठेवतो.

घोगरगावकर:
पुढच्या रविवारी सकाळी जालन्याला त्यांच्यासाठी मिस्सा ठेवली आहे, वसईहून भाचा येतोय. कुणालाही येता येईल, तासाभराचं असतं. वेळ ज्याला पाहिजे त्याला व्यक्तिगत निरोपात कळवतो.

दुधनाकाठ:
मी येणार. पण आम्हाला त्यातलं काही कळत नाही, काय करायचं असतं? हार आणला तर चालेल का?

घोगरगावकर:
फुलं आणा, चालतील. बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. शेवटी शेवटी लोक रांगेनं पुढं जाऊन कम्युनियन घेतात, तेव्हा जागेवर बसून राहा, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. कुणी काही म्हणणार नाही.

औसेकर:
लातूरहून पहाटेची एसटी धरली तर पोचतो का वेळेवर?

घोगरगावकर:
नाही पोचणार. शनिवारी रात्रीच या, आमच्या मेव्हण्याकडं सोय करतो.

खोडरबर:
मीबी येतो. चपला बाहेर काढायच्या का?

घोगरगावकर:
नाही, तिथं घालूनच जातात आत.

खोडरबर:
बरं झालं. मोजे फाटलेत.